दोन दारांची मर्सिडीज आणि मागच्या सीटवरच्या आपण



आज जरा कडक लिहिणार आहे. कुणाच्या घरची हौस मोडावी म्हणून नाही, तर घरचा पैसा आणि घरच्या बायकांचा शब्द, दोन्ही वाचावेत म्हणून.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांत एक नवीन वारे शिरले आहे. मुलगा पंचवीस-तीस वर्षांचा, दुकान किंवा मोंढ्यातली आडत सांभाळणारा. मोबाईलवर दिल्लीच्या जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मर्सिडीज, ऑडी नाहीतर बीएमडब्ल्यू. त्यातही साधी चार दारांची नको, कूपे हवी. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या छताची, जमिनीला टेकलेली गाडी. नवी होती तेव्हा पन्नास-साठ लाखांची, आता आठ-नऊ लाखांत. मग घरात घोषणा होते, "वॅगनआरच्या भावात मर्सिडीज मिळतेय, आता रोज हीच वापरायची."

माझे म्हणणे सरळ आहे. जुनी आलिशान कूपे रोजच्या वापरासाठी घेणे ही काटकसर नाही. ती हौस आहे, आणि तिला काटकसरीचे नाव देऊन घरातल्या बायकांकडून पैसा काढून घेतला जातो. हौस असेल तर हौस म्हणा, आपण तिचा हिशोब हौसेसारखा करू. बचत म्हणाल, तर मग वही काढावी लागेल.

हे वेड एकदम आलेले नाही. मराठवाड्याला मर्सिडीजची गोष्ट चांगली ठाऊक आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एका फटक्यात विकत घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, देशभर बातमी झाली. २०२५ मध्ये आपल्याच समाजाच्या जितो संस्थेने कंपन्यांशी एकत्रित बोलणी करून सभासदांना १८६ महागड्या गाड्या सवलतीत मिळवून दिल्या, २१ कोटींच्या आसपास पैसे वाचले, तेव्हाही आपल्या सगळ्या ग्रुपवर ती बातमी फिरली. त्या दोन्ही सौद्यांना मी नावे ठेवत नाही. ज्यांची ऐपत होती त्यांनी नव्या गाड्या घेतल्या, भाव पाडून घेतला. तो व्यापाऱ्याचा गुण आहे.

पण त्या बातमीने आपल्या गावच्या पोरांच्या मनात एक गोष्ट रुजवली, की आपल्या समाजाच्या माणसाच्या दारात अशी गाडी शोभते. नवी परवडत नाही, मग जुनी. आणि २०१० साली नवी असलेली गाडी आज कुठल्या वयाची आहे? पंधरा वर्षांच्या पुढची. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. म्हणजे जिथे पहिल्या मालकाची गोष्ट संपते, तिथे आपला मुलगा सुरुवात करतो.

स्वस्त का मिळते?

व्यापारी घरातल्या बाईला हा प्रश्न पहिला पडायला हवा. मोंढ्यात कुणी हळद निम्म्या भावात द्यायला लागला, तर आपण आधी पोत्यात हात घालतो. भिजली आहे का, कीड आहे का, जुनी आहे का, हे बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र हात घालायचा कुणाला सुचत नाही.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त असण्याचे मोठे कारण तिथला नियम. हवेच्या प्रदूषणापायी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सैल केले आहे, पण दिल्लीच्या मालकाच्या मनातली धास्ती गेलेली नाही. वय झालेली गाडी त्याला लवकर बाहेर काढायची असते. ती बाहेर निघते आणि आपल्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांत येते.

आल्यावर काय? तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची, तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. म्हणजे 'एमएच ३८' ची पाटी लागेपर्यंत खर्च चालूच. पंधरा वर्षे पूर्ण झाली की फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून त्याची फी साध्या कारला ५,००० रुपये आहे, परदेशातून तयार आलेल्या कारला ४०,०००. वीस वर्षांपुढे गेली, तर २०२५ च्या नियमाने तीच फी १०,००० आणि ८०,०००. या दोन दारांच्या गाड्या आपल्या देशात खपतातच थोड्या, म्हणून त्या बहुतेक तयारच परदेशातून आणलेल्या असतात. व्हिडिओतला तो गॉगलवाला मुलगा हे सांगत नाही.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

आता वहीकडे वळू. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक एकाच समजुतीत आहे: गाडी स्वस्त झाली म्हणजे तिचा खर्चही स्वस्त झाला. तसे होत नाही. साठ लाखांची गाडी नऊ लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो. गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, सेन्सर, सगळ्यांचे भाव नव्या गाडीच्या हिशोबाने लागतात. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही.

आणि हे भाग नेमके याच वयात जातात. रबराच्या नळ्या आणि बुश कडक होतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेतले प्लॅस्टिकचे भाग तडकतात, गॅस्केटमधून तेल गळायला लागते. आपल्याकडचा मे महिना त्यांना जास्तच घाईने म्हातारे करतो. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारच्या खुलाशातही आले आहे. साध्या गाडीत ते थोडक्या पैशांचे काम आहे. या गाडीत तेच काम करायला आधी अर्धे इंजिन मोकळे करावे लागते.

पेट्रोलचाच हिशोब घ्या. समजा महिन्याला १,००० किलोमीटर धावते. मोठ्या इंजिनाची जुनी कूपे गावात लिटरला सात किलोमीटर देते असे धरू, छोटी गाडी अठरा. पेट्रोल १०५ रुपये धरा. (शेजारच्या परभणीचे पेट्रोल राज्यात महाग म्हणून बातम्यांत गाजलेले आहे, आपलेही फार मागे नाही.) कूपेला महिन्याला सुमारे १५,००० रुपये, छोटीला ५,८०० च्या आसपास. फरक ९,००० च्या वर. वर्षाला एक लाख दहा हजार. पाच वर्षांत साडेपाच लाख. मैत्रिणींनो, एका नव्या छोट्या गाडीची किंमत जवळजवळ तेवढीच आहे. अजून स्पॅनरला हातही लागलेला नाही, हा फक्त पेट्रोलचा फरक.

मग विमा. "ठोकली तर विमा आहे ना," असे मुले म्हणतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा-किंमत ठरलेल्या तक्त्याने नाही, कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असो, ५० टक्के. बंपर प्लॅस्टिकचाच असतो. घसारा न कापणारी जी वेगळी पॉलिसी मिळते, ती इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. म्हणजे बिल आले की निम्मे घरातून.

आता घरातून म्हणजे कुठून, हे सांगते. इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, कारण कर्ज फिटेपर्यंत गाडी फार म्हातारी होते. मग रोख उभी करायची. दुकानाचा पैसा मालात अडकलेला, हळदीचा पैसा हंगामात येणार. उरते काय? बायकोच्या बांगड्या आणि आईच्या नावावरची ठेव. आमच्याच नात्यात एका जाऊबाईंची ठेव अशा गाडीसाठी मोडायची चर्चा झाली. ती ठेव लेकीच्या फार्मसीच्या फीसाठी होती. "फी तर पुढच्या वर्षी भरायची आहे, तोवर होईल सोय," असे मुलाचे म्हणणे. मी विचारले, "अन् त्या वर्षात गिअरबॉक्स गेला तर?" तो म्हणाला, "काकू, तुम्ही आधीच अपशकुन करता." गिअरबॉक्स शकुन-अपशकुन बघून जात नाही, बाळा. तो किलोमीटर बघून जातो, आणि ते किलोमीटर खरे आहेत का, हेच कुणाला माहीत नाही.

रोजची गाडी म्हणजे काय?

'रोजची' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. रविवारी धुऊन पुसून बाहेर काढायची गाडी वेगळी. रोजची गाडी म्हणजे सकाळी शाळा, मग दुकान, दुपारी बाजार, संध्याकाळी कुणाच्या घरी बोलावणे. रात्री दोन वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखले, तर नांदेड. हे शेवटचे नीट वाचा. मोठ्या दवाखान्यासाठी आपल्याला नांदेड गाठावे लागते, हे हिंगोलीत राहणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. या गाड्यांतला एखादा सेन्सर बिघडला, की गाडीचा संगणक इंजिनाला जपण्यासाठी तिचा जोर काढून घेतो. गाडी चालते, पण रखडत. कंपनीच्या दृष्टीने ती सोय आहे. वारंगा फाट्यावर, रात्री, मागे पेशंट असताना तिला सोय म्हणता येईल का?

टायरचे घ्या. यातल्या कित्येक गाड्यांना हवा गेली तरी थोडे अंतर चालणारे खास टायर असतात, म्हणून जादा चाक दिलेलेच नसते. ते टायर आपल्या नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे सहसा दुरुस्त होत नाहीत, बदलावे लागतात, आणि त्या मापाचे टायर हिंगोलीत कुणी दुकानात ठेवत नाही. टायरची कड इतकी कमी उंचीची, की खड्डा लागला की धक्का थेट चाकाला. जमिनीपासूनची उंचीही कमी. साध्या स्विफ्टला १६३ मिलिमीटर जागा आहे, कूपे बऱ्याचदा दीडशेच्याही आत. आपल्या गावांतले गतिरोधक कोणत्या मापाने बांधलेले असतात, हे तुम्हाला सांगायला नको. औंढ्याच्या वाटेवर किंवा शिरडशहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाताना प्रत्येक उंचवट्यावर गाडी तिरकी करत, पोट घासत न्यायची, ही कसली ऐट?

आणि बिघडली की? अशा कंपनीचे वर्कशॉप हिंगोलीत नाही. ट्रकवर चढवून छत्रपती संभाजीनगर गाठायचे, दोनशे किलोमीटरच्या पुढे. भाग आधी मागवायचा, आठवडे वाट बघायची. तोवर घर कशावर चालते? दुसऱ्याच्या स्कूटीवर. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी घरातल्या बाकीच्यांची गत होते.

मागे कोण बसणार?

आता जे कुणीच बोलत नाही ते बोलते. दोन दारांच्या गाडीत पुढे दोघे बसतात. मागे बसायचे असेल, तर पुढची सीट वाकवायची, पट्टा बाजूला सारायचा, आणि कंबरेत वाकून फटीतून आत शिरायचे. मागे जागा दोघांचीच, गुडघे हनुवटीला. दार इतके लांब, की गल्लीत भिंतीच्या कडेला गाडी लावली तर ते पूर्ण उघडतच नाही.

पुढे कोण बसणार? मुलगा, आणि त्याच्या शेजारी एकतर त्याचा मित्र नाहीतर वडील. मग मागे कोण? साडी नेसलेली, गुडघे दुखणारी सासू. कडेवर मूल असलेली सून. गाडी निवडणारा माणूस मागच्या सीटवर कधी बसत नाही, आणि मागच्या सीटवर बसणारीला गाडी निवडताना कुणी विचारत नाही. ठेव तिची मोडायची, पेट्रोलचे पैसे किराण्यातून वळवायचे, भिशीचा नंबर दुरुस्तीत घालायचा, आणि बसायला जागा तिला नाही. याला मी अन्याय म्हणते. छोटा असेल, घरगुती असेल, पण अन्यायच.

आणखी एक. ती गाडी घरातली सून चालवणार का? "नको, महागाची आहे, ओरखडा जाईल." म्हणजे दारात गाडी उभी, आणि मुलाला ताप आला की सून रिक्षा शोधते. जी गाडी घरातल्या बाईच्या हातात द्यायला घर घाबरते, ती घराची गाडी नाही, एका माणसाची आहे.

कातड्याचे काय?

आपल्या घरांपुरता हा प्रश्न मला विचारायलाच हवा. मंदिराच्या पायरीवर आपण पट्टा, पाकीट, पर्स बाहेर काढून ठेवतो. मुलांना चामड्याची वस्तू घेऊ नका म्हणून शिकवतो. आणि या गाड्यांच्या सीटा, स्टिअरिंग, गिअरची मूठ, दारांची अस्तरे, पुष्कळदा खऱ्या कातड्याची असतात. तेच तर त्यांचे वैभव म्हणून जाहिरातीत सांगतात. काहींत कृत्रिम कातडे असते, मर्सिडीज त्याला आर्टिको म्हणते, बीएमडब्ल्यू सेन्साटेक. पण ते आपण विचारले तर कळते. किती घरांत विचारले जाते? वरून कापडी कव्हर घातले, की खालचे कातडे नाहीसे होत नाही. उलट सीटच्या कडेला एअरबॅग असेल, तर जाड कव्हरने ती अडते, म्हणजे सुरक्षाही गेली.

आपल्या श्रावकाचारात परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच दोष सांगितले, त्यातला पहिलाच आहे 'अतिवाहन'. बैल-घोड्यांना लोभापायी त्यांच्या शक्तीबाहेर पळवणे, असा त्याचा जुना अर्थ. गरजेपलीकडे वाहने बाळगणे असाही काही जण लावतात. आणि त्याच पाचांत एक आहे 'विस्मय', दुसऱ्याचे वैभव बघून डोळे दिपणे. मोबाईलवर रात्री बारापर्यंत दुसऱ्याच्या गाड्या बघत बसणाऱ्या पोराला याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

त्यांची बाजू

समोरच्याची बाजू मी ऐकली आहे, आणि त्यात दम नाही असे म्हणणार नाही.

ते म्हणतात, पहिल्या मालकाने किंमतीची मोठी घसरण सोसली, आपल्याला तयार माल कमी भावात मिळाला. खरे आहे. पण त्याने घसरण सोसली आणि दुरुस्ती आपल्यावर टाकली. तो जाणता होता, म्हणून वेळेवर सुटला.

ते म्हणतात, या गाड्या मजबूत, एअरबॅग जास्त. पंधरा वर्षांपूर्वीच्या भारतीय छोट्या गाडीशी तुलना केली तर खरेच. पण आज मारुतीने वॅगनआर आणि अल्टोसारख्या गाड्यांतही सहा एअरबॅग सरसकट दिल्या आहेत. आणि जुन्या एअरबॅगचे वेगळेच दुखणे आहे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधले रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडून त्या उघडताना धातूचे तुकडे उडाले, जगभर माणसे दगावली, आणि कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या यादीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडीही होत्या. तुमची गाडी त्यात आहे का आणि ते काम झाले का, हे चेसिस नंबरवरून कळते. विचारले आहे का?

आणि सगळ्यात चलाख युक्तिवाद आपल्याच घरातला: "जुनी वस्तू वापरणे हा तर अपरिग्रहच, काकू! नवी गाडी बनवायला किती हिंसा!" ऐकायला गोड आहे. जुने पातेले कल्हई करून वापरणे अपरिग्रह आहे, कारण ते पातेल्याचे काम करते. लिटरला सात किलोमीटर जाणारी, दोन माणसांची, दर दोन महिन्यांनी ट्रकवर चढणारी गाडी घराचे काम करत नाही. जुने वापरायचे मनात असेल, तर पाच वर्षांची, एका हातची, गावात दुरुस्त होणारी चार दारांची गाडी घ्या. मी स्वतः पेढा देईन.

उरली हौस. हौसेला मोल नाही, हे मीही मानते. मुलाने स्वतः कमावले, घराच्या रोजच्या गाडीला हात लावला नाही, बाजूला पैसे ठेवले, आणि एक जुनी सुंदर गाडी रविवारी फिरवायला आणली, तर मी कौतुकाने बघेन. यंत्राची आवड असणे वाईट नाही. मात्र ती दुसरी गाडी असावी, स्वतःच्या पैशाची असावी, आणि तिला बचत म्हणू नये. नाकापेक्षा मोती जड झाला की तो दागिना राहत नाही.

आपण काय करायचे?

नुसता विरोध करून चालत नाही, मुले ऐकत नाहीत. म्हणून सही होण्याआधी आपण चार गोष्टी मागायच्या, शांतपणे, पण सोडायच्या नाहीत.

पहिली, कागद. आरसी, ना-हरकत, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकीत चलने. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून यातले बरेच कळते. कंपनीच्या वर्कशॉपमधून चेसिस नंबरवर सर्व्हिसची जुनी नोंद मागवा, फिरवलेले मीटर तिथे पकडता येते.

दुसरी, डोळ्यांनी तपासणी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. याला शिक्षण लागत नाही, आपल्याला पापडाच्या पाकिटावरची तारीख वाचता येते, तसेच हे.

तिसरी, वही. गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून दाखवा म्हणावे, गाडीच्या किमतीच्या किमान तिसरा हिस्सा. ते नसतील, तर गाडी परवडत नाही, विषय संपला.

चौथी, सगळ्यात महत्त्वाची: घरातली सर्वात वयस्कर बाई मागच्या सीटवर बसून गावाला एक फेरी मारून येईल, आणि घरातली सून गाडी चालवून दाखवेल. यात जी गाडी नापास, ती रोजची गाडी नाही.

आणि मुलगा म्हणाला, "मग काय घ्यायचं?" तर उत्तर तयार ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच आठ-नऊ लाखांत नवी, चार दारांची, सहा एअरबॅगची, कळमनुरीतही दुरुस्त होणारी गाडी येते, आणि वर पैसे उरतात. त्या उरलेल्या पैशांतून सुनेला आणि लेकीला ड्रायव्हिंग स्कूलला घाला, लायसन्स काढून द्या. दारातल्या गाडीची किल्ली घरातल्या प्रत्येकीच्या हातात असणे, यापेक्षा मोठे वैभव मला तरी माहीत नाही.

ठेव आपली आहे, सोने आपले आहे. सही करायच्या आधी प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच आहे.

जय जिनेंद्र!